एकट्याची उलांडी



आजच्या विषयातला ‘उलांडी’ हा शब्द पत्रिकेत वाचून आपल्यांतील कोकणच्या मंडळींना बरे वाटले असेल, आणि घाटावरच्यांनी शेजाऱ्याकडे पाहिले असेल. तेव्हा आधी खुलासा करतो. अरुंद होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका अंगाला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकांना बांधलेला तरंगता ओंडका म्हणजे उलांडी. मालवणच्या किनाऱ्यावर ती आपण पाहिली असेल. आज मात्र आम्ही बोलणार आहोत ते हवाई बेटांतल्या होडीविषयी, आणि तीही एकट्याने वल्हवायच्या.

तिकडे होडीला ‘वआ’, उलांडीला ‘आमा’ आणि आडव्या दांड्यांना ‘इआको’ म्हणतात. पूर्वी आमा विलीविली नावाच्या हलक्या लाकडाची करीत. हा विलीविली आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद. आपल्याकडे लाल फुलतो तोच पांगारा. हल्लीची एकट्याची होडी कार्बनच्या धाग्यांची असते. लांबी वीस-एकवीस फूट आणि वजन दहा किलोच्या आसपास. एका खांद्यावर टाकून माणूस ती समुद्रापर्यंत चालत नेतो.

नोकरीनिमित्त आम्ही होनोलुलूत होतो, तेव्हा या होडीचा नाद लागला. आला वाई कालव्याच्या संथ पाण्यात आम्ही रोज वल्हवत असू आणि रोज कोणीतरी आमच्या पुढे जात असे. पुढे जाणाऱ्यांत साठी उलटलेल्या बायकाही होत्या! आपण अशक्त आहोत, असे ठरवून आम्ही जोर-बैठका वाढवल्या. दंड भरले, पण वेग होता तेवढाच राहिला.

याचे गणित पुढे समजले. पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. वेग १० टक्के वाढवायचा तर शक्ती सुमारे ३३ टक्के जास्त हवी. त्यात होडी स्वतःच लाट उठवते. विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनियराने १८७० नंतरच्या दशकात टॉर्की येथे हौद बांधून लहान प्रतिकृतींवर याचे प्रयोग केले. वीस फुटी होडी ताशी ११ किलोमीटरांच्या जवळ आली, की आपल्याच लाटेचा चढ तिला चढावा लागतो. होडी सडपातळ असली तर हा चढ सौम्य होतो, इतकेच. सारांश, दंडातून मिळणारा वेग फार महाग पडतो. उधळपट्टी थांबवून मिळणारा त्या मानाने स्वस्त.

आमची उधळपट्टी दाखवून दिली एका वृद्ध हवाईयन गृहस्थांनी. त्यांना सगळेच ‘अंकल’ म्हणत. ते म्हणाले, “मागे वळून पाहा. तुमच्या होडीमागे किती रेघा आहेत?” पाहिले तर दोन. एक होडीची आणि दुसरी, जवळजवळ तेवढीच ठळक, आमाची. कलंडण्याच्या भीतीने आम्ही सारा वेळ डावीकडे, आमावर रेलून बसत होतो. ती पाण्यात रुतून ओढली जाई आणि होडी डावीकडे वळे. मग आम्ही पायाने सुकाणू दाबून तिला सरळ करू. सुकाणू दाबणे म्हणजे दर वेळी थोडा ब्रेक लावणे. ताहितीत अशा होडीला सुकाणूच नसते. वल्ह्यानेच दिशा सांभाळावी लागते, त्यामुळे ही खोड तिथे फार दिवस टिकत नसावी.

अंकलनी पायटेकू एक खाच जवळ घेतला, म्हणजे गुडघे थोडे वाकून पायाचा रेटा वल्ह्यापर्यंत पोचेल. वल्हे पायांच्या बोटांपाशी पाण्यात बुडवायचे आणि कमरेपाशी बाहेर काढायचे. त्यामागे ओढत राहिले तर नुसते पाणी उचलले जाते आणि होडीची पिछाडी खाली दबते. शेवटी त्यांनी आमाच्या सांध्यात एक वायसर घालून ती किंचित उचलली. सरळ बसले की ती पाण्याला जेमतेम टेके. होडी हलकी धावू लागली.

इथे आम्हांला लोभ सुटला. एका वायसराने एवढा गुण, तर दोन का नकोत? कोणाला न विचारता आम्ही दुसरा घातला आणि थेट समुद्रात गेलो. डायमंड हेडच्या दिशेने निघालो की किनारा डाव्या हाताला राहतो, आणि तिथला नेहमीचा ईशान्येचा वारा त्याच बाजूने, जमिनीकडून येतो. एक झुळूक आमाखाली शिरली, ती उचलली गेली आणि आम्ही उजवीकडे पाण्यात. याला तिकडे ‘हुली’ म्हणतात. पालथे होण्यात विशेष काही नाही. होडी उलटवून पुन्हा बसता येते. पण होडी पायाला दोरीने बांधायची असते, ती आम्ही बांधली नव्हती. दहा किलोचे ते टरफल वारा भर समुद्राकडे घेऊन चालला, आणि आम्ही पोहत होतो त्याहून त्याचा वेग जास्त होता. होडीचा वेग वाढावा म्हणून महिनाभर खटपट केली, आणि तो असा वाढलेला पाहण्याची वेळ आली! सहा जणांची एक होडी सरावाला आली होती, तिने आम्हांला उचलले आणि आमची होडीही गाठून दिली. ती आली नसती तर आज इथे दुसरे कोणी व्याख्याते असते.

अंकल रागावले नाहीत. मोलोकाई ते ओआहू हा कैवी सामुद्रधुनीचा पन्नासेक किलोमीटरांचा टप्पा एकट्याने वल्हवणारी माणसे त्यांनी पाहिली होती. तिथे लाटेच्या उतारावर नाळ बुडू नये म्हणून बैठक किती मागे घ्यायची, केव्हा दहा वल्ही जोराने मारून लाट धरायची आणि केव्हा हात आवरायचा, हे ते आम्हांला तासभर सांगत बसले. सांगता सांगता पान्याने त्यांनी दुसरा वायसर काढला आणि आमच्या हातावर ठेवला. “तुझी कंबर शिकली की घाल,” एवढेच म्हणाले.

तो वायसर आम्ही सव्वा वर्षाने, अंकलना विचारून घातला. पायाला दोरी मात्र त्या दिवसापासून होती.