श्रीखंडाचा चक्का, ग्रीसची कोशिंबीर

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पाडव्याच्या आदल्या रात्री श्रीखंडासाठी दही टांगणं काही नवं नाही. ग्रीसमधल्या घरांतही दही असंच फडक्यात बांधून निथळतात. फक्त जुन्या पद्धतीत दूध बहुधा मेंढीचं. आपल्याला मेंढीचं शोधायला नको. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध या कामाला झकास.

दूध उकळून कोमट झालं की चमचाभर विरजण लावा. दही लागल्याबरोबर, गोड असतानाच बांधा. आंबट चक्का मला तरी नको वाटतो. उन्हाळ्यात फडकं चाळणीत ठेवून फ्रीजमध्येच रात्रभर निथळू द्या. खालचं पाणी कणीक मळायला घ्या.

आता त्यातल्या वाटीभर चक्क्याची त्झात्झिकी, म्हणजे ग्रीसची कोशिंबीर, करा. काकडी किसून, मीठ लावून घट्ट पिळायची. इथं हयगय केलीत तर सगळं पाणचट. मग ठेचलेला लसूण, थोडं व्हिनेगर, ऑलिव्ह तेल आणि बारीक चिरलेला शेपू. हो, आपला शेपूच! ऑलिव्ह तेल परवडत नसेल तर शेंगतेल घाला, चव मात्र बदलेल. भाकरीबरोबर त्झात्झिकी चालतेच, पण झणझणीत सुक्या मटणाशेजारी ती जास्त खुलते.