माथ्यावरचे तावदान

मराठवाड्यातील माळवदाच्या घराला उजेड येण्यासाठी आणि चुलीचा धूर जाण्यासाठी छतात एक भोक ठेवीत. त्याला साणे म्हणत. पावसाची सर आली की घरातील कोणीतरी लगबगीने वर चढून त्यावर पत्रा टाकी, आणि सर ओसरली की तो बाजूला सारी. कोकणात कौलांच्या रांगेत एखादे काचेचे कौल बसवीत आणि त्यातून पडलेला उन्हाचा चौकोन माजघराच्या जमिनीवरून दिवसभर सरकत राही. छतातून उजेड घेणे ही कल्पना, तेव्हा, आपल्याकडे नवी नाही. नवी आहे ती काचेची निवड. पूर्वी काच म्हणजे काच होती. आज साधी, रंगीत, आरशासारखी, लेप दिलेली, दुपदरी, चिकटवलेली, कडक केलेली अशी अनेक प्रकारची तावदाने दुकानात उभी असतात, आणि त्यांच्याबरोबर मिळणारा सल्ला पुष्कळदा थंड देशांत तयार झालेला असतो.

हा सल्ला आपल्याकडे कितपत चालतो हे पाहायचे तर कावेरीकाठच्या कुंभकोणमचे घर डोळ्यांपुढे आणावे. मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. एकोजीराजांनी 1676 च्या सुमारास स्थापलेले तंजावरचे मराठी राज्य 1855 पर्यंत टिकले, आणि त्या काळात तेथे गेलेल्या घराण्यांत मराठी बोली पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली. तेथील जुने घर आपल्या वाड्याच्या नात्यातलेच. रस्त्याला लागून ओटा, आत लांबच लांब खोल्या, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, आणि मध्ये आकाशाला मोकळा असा लहानसा चौक. तमिळमध्ये त्याला मुट्रम म्हणतात. सभोवारच्या छपराचे पाणी त्यात पडते, उजेड त्यातून येतो, आणि स्वयंपाकघरातली ऊब त्यातून वर निघून जाते. एकाच मोकळ्या जागेकडे तीन कामे सोपवलेली आहेत.

हा चौक आता सर्वत्र झाकला जातो. चोर, माकडे, डास आणि कार्तिकातला पाऊस, सगळी कारणे खरी आहेत. घरात वृद्ध माणूस असेल तर ओल्या फरशीवरून पाय घसरण्याचे भय निराळेच. म्हणून कोणी त्यावर लोखंडी जाळी घालतो, कोणी प्लॅस्टिकचा पत्रा, तर ज्याला परवडते तो काच घालतो. आणि पहिल्याच वैशाखात त्याच्या लक्षात येते की जो चौक आजवर घर थंड ठेवीत होता, तोच आता घर तापवू लागला आहे.

याचे कारण आकाशात आहे. छतातील खिडकीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती डेन्मार्कसारख्या देशांनी. 1941 साली तेथे सुरू झालेल्या एका कारखान्याने तर आपल्या मालाचे ‘व्हेलक्स’ हे नावच वायुवीजन आणि प्रकाश या दोन शब्दांपासून घडवले. परंतु कोपनहेगनला डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 11 अंश वर येतो, आणि ऐन जूनमध्येसुद्धा 58 अंशांच्या पलीकडे जात नाही. कुंभकोणम विषुववृत्तापासून 11 अंशांवर आहे. तेथे डिसेंबरातला, म्हणजे वर्षातला सर्वांत उतरलेला मध्यान्हीचा सूर्य सुमारे 55 अंशांवर असतो. म्हणजे तेथील हिवाळ्याचा सूर्य हा डेन्मार्कच्या भर उन्हाळ्यातल्या सूर्याच्या जवळजवळ बरोबरीचा! एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो ठीक डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे झुकतो, आणि ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात पुन्हा माथ्यावरून दक्षिणेस जातो. पुण्याला हेच मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस घडते. त्यामुळे उत्तरेकडचा उजेड थंड असतो हा पुस्तकी नियमदेखील तेथे चार महिने लटका पडतो.

आता थोडा हिशेब. स्वच्छ दुपारी माथ्यावरच्या उन्हातून एका चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅट इतकी ऊर्जा पडते. साधी पारदर्शक काच त्यातील 800 वॅट आत सोडते. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असा चौक साध्या काचेने झाकला, तर एक किलोवॅटच्या सात शेगड्या घराच्या मध्यभागी पेटवून ठेवल्यासारखे होते. ही उष्णता आत आली की फरशी तापते. आणि तापलेल्या फरशीची धग काचेतून सहजी परत बाहेर पडत नाही.

उजेडाचा हिशेब याहून उद्बोधक आहे. त्याच उन्हात एका चौरस मीटर काचेतून येणारा प्रकाश हा साठ वॅटच्या जुन्या शंभराहून अधिक दिव्यांइतका असतो. वाचनाला एवढा उजेड कोणालाच लागत नाही. निम्म्याहून अधिक प्रकाश अडवणारी काच घेतली तरी चाळीस-पन्नास दिव्यांइतका उजेड शिल्लक राहतोच. कोपनहेगनचा गृहस्थ उजेडाला पारखा असतो, म्हणून तो स्वच्छ काच मागतो आणि घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दुपदरी काच घेतो. कुंभकोणमच्या गृहस्थाकडे उजेड उधळण्याइतका आहे. त्याने किंमत मोजायची ती उष्णता अडवण्यासाठी.

म्हणून दुकानदाराला दोन आकडे विचारावेत. काच प्रकाशाचा किती भाग आत सोडते हा पहिला, आणि उन्हाच्या एकूण उष्णतेचा किती भाग सोडते हा दुसरा. दुसरा आकडा लहान हवा, आणि पहिला त्याहून मोठा असल्यास उत्तम. आपल्या देशाच्या 2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने व्यापारी इमारतींच्या छतातील काचेसाठी उष्णतेचा आकडा 0.35 च्या वर जाऊ नये, आणि अशा काचेने छताचा 5 टक्क्यांहून अधिक भाग व्यापू नये, असे म्हटले आहे. राहत्या घराला ते बंधन नाही, पण मोजपट्टी म्हणून ते चांगले. ज्या दुकानदाराला हे आकडे सांगता येत नाहीत, तो काच विकत नसून रंग विकत आहे असे समजावे.

रंगाचा मोह मोठा असतो. तपकिरी किंवा गर्द हिरवी काच डोळ्यांना गार वाटते; परंतु ती ऊन परतवीत नाही, पिऊन टाकते, स्वतः तापते, आणि खाली बसणाऱ्याच्या डोक्यावर धग सोडत राहते. शिवाय अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत राहिली तर ती तडकण्याचा संभव असतो. कुंभकोणमच्या परिसरात तिला आणखी एक आक्षेप आहे. हा रेशमाचा मुलूख. जवळच्या तिरुभुवनमची साडी प्रसिद्धच आहे. ज्या घरात माग आहे तेथे तपकिरी तावदानाखाली कुंकवाचा लाल आणि डाळिंबी यांतला भेद कळेनासा होतो. विणकराच्या घरात तटस्थ रंगाचीच काच हवी.

उन्हातील उष्णतेचे किरण परतवणारा, डोळ्यांना न दिसणारा धातूचा लेप दिलेली काच या कामी सर्वांत चांगली. यातील मऊ लेप उघड्या हवेत टिकत नाहीत. ते दोन काचांच्या मध्ये बंदिस्तच ठेवावे लागतात. कठीण लेप एकपदरी काचेवरही चालतात, पण त्यांची शक्ती कमी. दुपदरी काचेविषयी मात्र एक गैरसमज आहे. बाहेर 38 अंश आणि घरात 30 अंश असताना एकपदरी काचेतून केवळ तापमानाच्या फरकाने आत येणारी उष्णता चौरस मीटरला 50 वॅटसुद्धा नसते. जेथे उन्हाचे 800 वॅट दारात उभे आहेत, तेथे हे 50 वाचवण्यासाठी दुसरी काच घेणे व्यर्थ होय. खोलीत वातानुकूलन यंत्र चालत असेल, किंवा मऊ लेप हवाच असेल, तरच दुपदरीचा खर्च सार्थकी लागतो.

एवढे झाल्यावर काच फुटली तर काय, हा प्रश्न येतो. भिंतीतल्या खिडकीची काच फुटली तर ती खिडकीखाली पडते; माथ्यावरची काच माणसावर पडते. कडक केलेली काच मजबूत खरी, पण फुटते तेव्हा तिचे असंख्य तुकडे होऊन ते सगळे खाली येतात, आणि क्वचित ती काही आघात न होता आपोआपही फुटते. म्हणून छतात, निदान सर्वांत खालचे तावदान तरी, दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा घालून चिकटवलेले असावे. ते तडकले तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. 1903 साली एदुआर बेनेदिक्तूस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून पडलेली एक कुपी फुटूनही विखुरली नाही, तिच्या आतल्या वाळलेल्या थराने तिला धरून ठेवले. या काचेचा उगम तेथे आहे. आजचा पापुद्रा उन्हातले अतिनील किरणही जवळजवळ सगळे अडवतो, त्यामुळे खालच्या रेशमाचा आणि भिंतीवरच्या तंजावरी चित्राचा रंग उडण्याचा वेग मंदावतो. 16 नोव्हेंबर 2018 च्या ‘गजा’ चक्रीवादळाने याच जिल्ह्यातल्या नारळीच्या बागा आडव्या केल्या. परसात माड असलेल्या गृहस्थाने काचेच्या जाडीत काटकसर करू नये.

प्लॅस्टिकचा पत्रा स्वस्त असतो, हलका असतो, फुटत नाही. पॉलिकार्बोनेट काही वर्षांत पिवळे पडते, चरे पडून अंधूक होते. तो दोष चालवून घेता येईल. पण अॅक्रिलिक जळते, आणि पेटल्यावर त्याचे जळते थेंब गळू शकतात. 16 जुलै 2004 रोजी कुंभकोणममधील एका शाळेचे शाकारलेले छप्पर पेटले आणि 94 मुले गेली. त्या गावात कोणी डोक्यावर काय घालावे हे ठरवताना, हे जळते का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारला पाहिजे. काच जळत नाही, एवढ्या एका गुणावर तिची महागाई क्षम्य ठरते.

आणि तरीही केवळ काच चांगली निवडून भागत नाही. नऊ चौरस मीटरचा चौक उत्तम लेपाच्या काचेने झाकला तरी जवळजवळ तीन शेगड्या आत राहतातच. तेव्हा चौकाचा बराचसा भाग कौलांनी किंवा पक्क्या छताने झाकून काच दीड-दोन चौरस मीटरपुरतीच ठेवावी. ते छतही भोवतालच्या भिंतींवर घट्ट न टेकवता हातभर उंच उचलावे आणि चारही बाजूंना जाळीच्या फटी सोडाव्यात, म्हणजे तापलेली हवा आणि धूर पूर्वीप्रमाणे निघून जातील. मुट्रमच्या तीन कामांपैकी हे काम काच करू शकत नाही. उन्हाचा पडदा लावायचा तो काचेच्या बाहेरून, बांबूच्या चटईचा. आत लावलेला पडदा उष्णता घरात शिरल्यावर तिला अडवतो.

गवंड्याला सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत. काचेच्या भोवती वीतभर उंच कड बांधावी. काच सपाट न ठेवता तिला पुरेसा ढाळ द्यावा, कारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंतचा तेथील पाऊस वाऱ्याबरोबर तिरका येतो, आणि साचलेल्या पाण्यात धूळ बसून काच आंधळी होते. ती पुसायला वर जाणाऱ्याला पाय ठेवण्याची जागा काचेच्या बाहेर असावी. आणि पैसे देण्यापूर्वी नमुन्याचा तुकडा घेऊन ऐन दुपारी गच्चीवर जावे. एका हातावर साध्या काचेची आणि दुसऱ्यावर निवडलेल्या काचेची सावली धरून पाच मिनिटे उभे राहावे, आणि मग तोच तुकडा एखाद्या लाल रेशमी वस्त्रावर धरून पाहावा.