कुंपणावरची कण्हेर



चेन्नईत बाग राखणाऱ्या माणसाला दोन शत्रू चांगले ठाऊक असतात: एप्रिल-मे महिन्यांतील ऊन आणि फाटक उघडे दिसताच आत शिरणारी गाय. या दोहोंना पुरून उरणारे झुडूप म्हणून येथे कण्हेरीला मान मिळाला. तमिळमध्ये तिला अरळी म्हणतात. तिला पाणी थोडे पुरते, फुले जवळजवळ वर्षभर येतात आणि गुरे तिला तोंड लावीत नाहीत. महामार्गांच्या मधल्या पट्ट्यांतही तिचीच रांग दिसते. मात्र गुरे तिला का टाळतात, हा प्रश्न आपण बागवाले सहसा विचारीत नाही.

तिचे पान कडू असते व त्यात हृदयाची गती बिघडविणारी द्रव्ये असतात. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेल्या पिवळ्या कण्हेरीतही तशीच द्रव्ये आढळतात. झाडावरचे हिरवे पान गाय बहुधा सोडून देते. खरा धोका छाटणीनंतर निर्माण होतो. कापलेल्या फांद्या सुकल्या की कडूपणा मंदावतो, विष मात्र कायम राहते. या फांद्या आपण कुंपणापलीकडे टाकतो आणि रस्त्यावर हिंडणाऱ्या गाईला ती वैरण वाटते. २०२४ साली केरळातील पत्तनंतिट्टा जिल्ह्यात एक गाय व तिचे वासरू अरळीची पाने खाऊन दगावल्याचे वृत्त आले. त्याच वर्षी मे महिन्यात त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्य व प्रसाद यांतून अरळीचे फूल वगळले.

घाणेरी, म्हणजेच टणटणी, निराळ्या मार्गाने कुंपण ओलांडते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात ती शोभेसाठी आणली गेली. बुलबुल व साळुंक्या तिची काळी फळे खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात. तिच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही. चाऱ्याच्या टंचाईत गुरांनी तिचा पाला खाल्ला, तर यकृत बिघडते, कावीळ होते व उन्हात नाकपुडीची कातडी फुटते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, भारतातील वाघांचा वावर असलेल्या वनक्षेत्रापैकी ४० टक्क्यांहून अधिक भाग तिने ग्रासला आहे. तमिळनाडू शासनाने २०२२ साली अशा आक्रमक वनस्पतींविषयी स्वतंत्र धोरणच स्वीकारले. चेन्नईत तर १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झालेले गिंडीचे वन शहराच्या मध्यभागी आहे. तेथे चितळ व काळवीट चरतात. भिंतीअलीकडे आपल्या बागा आहेत, आणि बुलबुलाला भिंतीचे बंधन नाही!

घरातील कुत्र्याविषयी थोडेसे. पिलाला काटकी चघळण्याची खोड असते, त्यामुळे कण्हेरीची तोडलेली फांदी त्याच्यापासून दूर ठेवावी. सायकसच्या बियाही तितक्याच घातक असतात. लाळ, वांती किंवा सुस्ती दिसताच घरगुती उपायांत वेळ दवडू नये. चघळलेला तुकडा बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्य गाठावा. चेन्नईकरांसाठी वेपेरीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

मी घाणेरी मुळासकट काढून टाकली. कण्हेर ठेवली आहे, कारण देवघरात तिची फुले लागतात. छाटणीच्या दिवशी मात्र मी माळ्याजवळ उभा राहतो. फांद्या जाळू देत नाही, कारण तिचा धूरही अपायकारक असतो. त्या खोल खड्ड्यात पुरल्या जाईपर्यंत मी तेथून हलत नाही.