शाळेतले पाणी



व्याख्यानमालेच्या मंचावर नळकोंडाळ्याचा विषय घेऊन येणाऱ्या वक्त्याकडे श्रोते जरा संशयाने पाहतात, हे आम्ही जाणतो. वसंत ऋतूत काव्यशास्त्रविनोद व्हावा. तेथे टाकी, तोटी आणि गाळ यांचे काय काम? परंतु आपल्या गावात वसंत म्हणजे माठ भरून ठेवण्याचे दिवस. ज्या गावात पाणी कोणत्या वारी येणार यावरून घरातली धुणी आणि पाहुणे ठरतात, त्या गावाला पाण्याचा विषय रुक्ष वाटू नये. त्यातही आम्ही एका लहानशा कोपऱ्यापुरतेच बोलणार आहोत. आपले मूल सकाळी घरून निघते आणि दुपारी परत येते. या पाच-सहा तासांत ते कोणते पाणी पिते?

हे शहर मुळात पाण्याच्या शहाणपणावर उभे राहिलेले आहे. १६१० साली मलिक अंबराने खडकी वसवली. पुढे तिचे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे जमिनीतले पाणी अंबराने भुयारी नहरीने, केवळ उताराच्या जोरावर गावात आणले. वर ठिकठिकाणी झडप घातलेली मनुष्यबिळे ठेवली, म्हणजे आत उतरून सफाई करता येईल. पाणचक्कीला येणारे पाणी मातीच्या नळांतून कित्येक मैल येते आणि भिंतीवरून हौदात कोसळते, ते पाहायला आपण पाहुण्यांना हौसेने नेतो. त्या कारागिरांना जंतू ठाऊक नव्हते. तरी पाणी झाकलेले असावे, वाहते असावे, आणि त्याच्यापर्यंत माणसाला पोचता यावे, या तीन गोष्टी त्यांनी पाळल्या. आज शाळेच्या गच्चीवरची काळी टाकी पाहिली तर झाकण तिरपे, पाणी पाच दिवसांचे, आणि वर चढायला शिडी नाही.

पाच दिवसांचे का, ते आपल्याला सांगायला नको. जायकवाडीचे धरण १९७६ साली राष्ट्राला अर्पण झाले, नाथसागर भरला, आणि तेथून सुमारे चाळीस किलोमीटरवरून पंपांनी पाणी चढवून आणावे लागते. गाव वाढले, वाहिन्या पुरेनाशा झाल्या. अडीच मीटर व्यासाच्या वाहिनीच्या नव्या योजनेचे भूमिपूजन २०२० च्या डिसेंबरात झाले. पण मधली कित्येक वर्षे या शहराने चार-पाच दिवसांआड, कधी आठवड्याने पाणी भरून काढली आहेत. या तुटक पुरवठ्याचा शाळेच्या पाण्याशी जो संबंध आहे, तो थोडा उलगडून सांगितला पाहिजे.

नळात पाणी भरलेले आणि दाबाखाली असते, तेव्हा नळाला भोक असले तरी पाणी आतून बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. पुरवठा बंद झाला की नळ रिकामा होतो, दाब जातो, कधी उलट ओढ निर्माण होते. आणि शेजारून मलवाहिनी किंवा गटार गेले असेल तर त्यातले पाणी त्याच भोकातून आत शिरते. पुढच्या वेळी पाणी सुटले की पहिल्या काही मिनिटांत हा ऐवज सरळ आपल्या टाकीत येतो. शुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही चांगले केले असले तरी वाटेतल्या या घाणीला ते केंद्र काय करणार? २०१७ च्या नोव्हेंबरात आपल्या छावणी भागात गॅस्ट्रोची साथ आली आणि थोड्या दिवसांत हजारो माणसे आजारी पडली, तेव्हा संशयाचे बोट पिण्याच्या पाण्याकडेच गेले. ही गोष्ट फार जुनी नाही. या सभागृहातल्या काहींच्या घरी तेव्हा सलाईनच्या बाटल्या टांगल्या गेल्या असतील. याहून मोठे उदाहरण दिल्लीचे. १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पात्रात बदल होऊन नाल्याचे सांडपाणी पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत मागे आले. क्लोरीन वाढवले गेले, त्यामुळे विषमज्वर आवरला. पण सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली. औषध टाकले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता शाळेच्या टाकीकडे येऊ. सहाशे मुलांची शाळा घ्या. दर मुलामागे दीड लिटर धरले तर नुसत्या पिण्याला दिवसाला नऊशे लिटर, आणि पाच दिवसांना साडेचार हजार लिटर साठवले पाहिजेत. नळाने येणाऱ्या पाण्यात थोडे क्लोरीन शिल्लक असावे, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम, असे भारतीय मानक सांगते. वाटेत किंवा टाकीत जंतू शिरला तर त्याचा समाचार घ्यायला हा पहारेकरी असतो. परंतु एप्रिलच्या उन्हात तापलेल्या टाकीत, तळाच्या गाळाशी झगडत, हे क्लोरीन एक-दोन दिवसांतच नाहीसे होऊ शकते. म्हणजे सोमवारी आलेले पाणी गुरुवारी पिणारे मूल बिनपहाऱ्याचे पाणी पिते. तेच पाणी, तीच टाकी, तीच तोटी. मुख्याध्यापकांना कळायला काही मार्ग नाही, कारण पाणी दिसायला नितळच असते.

काही शाळांनी यावर शुद्धीकरणाचे यंत्र बसवले आहे. उत्तम. पण या यंत्रांपैकी पुष्कळशी पाण्यातले क्लोरीनही काढून टाकतात. मग ते शुद्ध पाणी पुढच्या स्टीलच्या टाकीत उघडे पडले तर त्याला कोणी वाली नाही. यंत्राच्या जाळ्या वेळेवर बदलल्या नाहीत तर यंत्रच जंतूंचे वसतिगृह होते. देणगीदाराचे नाव कोरलेली पाटी यंत्रावर असते. जाळी शेवटची कधी बदलली त्याची तारीख आम्ही फारशी कोठे पाहिलेली नाही. गार पाण्याच्या जारविषयीही आमचे मत असेच आहे: गारपणा आणि शुद्धपणा हे दोन वेगळे गुण आहेत.

आणि थंड पाण्याचे विजेवरचे यंत्र! त्याच्यापुढे फरशी नेहमी ओली, मुलांचे हात ओले, कित्येकांचे पाय अनवाणी. त्याला नीट अर्थिंग हवे, आणि गळती होताच क्षणात वीज तोडणारे, तीस मिलिअँपिअरचे संरक्षक बटण हवे. पोटातल्या जंतूला दोन दिवस लागतात. विजेला तेवढाही अवकाश लागत नाही. ही तपासणी परवानाधारक तारतंत्र्याकडून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी झालीच पाहिजे, यात आम्ही तडजोड मानत नाही.

तोटीची रचना हा क्षुल्लक विषय वाटेल. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी साखळीला बांधलेला एकच पेला सगळे वापरीत. कॅन्सस राज्याने १९०९ साली त्यावर बंदी घातली आणि त्याजागी कारंजाच्या तोट्या आल्या. लोकांना वाटले, प्रश्न मिटला. पण पहिल्या तोट्यांतून पाणी सरळ वर उडे. पिणाऱ्याचे ओठ तोटीला लागत, आणि तोंडातले जंतू त्या उभ्या धारेत, कारंजावर नाचणाऱ्या चेंडूसारखे, तेथल्या तेथे राहत. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९१६ साली हे तपासून दाखवले गेले, आणि तेव्हापासून धार तिरपी करण्यावर भर आला. आपल्याकडे मुले ओंजळीने पितात, तेव्हा प्रश्न तोटीचा नसून हाताचा आहे. पिण्याच्या तोट्या आणि स्वच्छतागृह एकाच भिंतीला लागून, आणि साबण कोठेच नाही, अशी रचना असेल तर ओंजळ हाच पेला आणि तोच घाणेरडा. जेथे माठ-रांजण आहेत तेथे लांब दांड्याचे ओगराळे ठेवले तर हात पाण्यात बुडत नाही. आमच्या आज्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

अमेरिकेचाच आणखी एक धडा आहे. शाळांतल्या काही थंड पाण्याच्या यंत्रांच्या टाक्यांना आतून शिशाचा थर असल्याचे आढळले, आणि १९८८ साली खास कायदा करून अशी यंत्रे परत घेण्याची व्यवस्था करावी लागली. शिसे चवीला कळत नाही, वासाला कळत नाही. आणि लहान मुलाचे शरीर पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते व त्याची किंमत मेंदू मोजतो. पाणी नळात जितके जास्त वेळ थांबते, तितके ते जास्त उतरते.

येथवर आम्ही यंत्रांविषयी बोललो. आता ज्याविषयी बोलायला आम्हांस अधिक जड जाते, त्याकडे वळतो. शाळेतले पाणी हा या देशात केवळ आरोग्याचा प्रश्न कधीच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की साताऱ्याच्या शाळेत त्यांना नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे, आणि शिपाई नसला तर तहान तशीच राही. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह आपल्या शेजारच्या दौलताबादच्या किल्ल्यावर आले, तेव्हा दाराशी असलेल्या हौदातल्या पाण्याने धुळीचे हातपाय धुतले म्हणून त्यांना अडवण्यात आले, आणि पुढे आत कोठेही पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून बरोबर शस्त्रधारी शिपाई देण्यात आला. ज्या पुरुषाने १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याची ही कथा. पुढे याच शहरात त्यांनी महाविद्यालय काढले.

आज नळाला हात लावू नको असे शाळेत म्हणता येत नाही. म्हणेल त्याला कायदा आहे. पण एक नवी विभागणी आमच्या डोळ्यांदेखत झाली आहे, आणि ती आपण सुशिक्षितांनीच केली आहे. आपण मुलाच्या दप्तरात बाटली देतो. यात गैर काही नाही, आम्हीही देतो. परंतु ज्याच्या दप्तरात बाटली आहे त्याच्या आईबापांना शाळेच्या टाकीत डोकावण्याचे कारण उरत नाही. तेव्हा टाकीचे पाणी पितात ती मुले, ज्यांच्या घरी बाटली भरण्याइतके चांगले पाणीच नाही, आणि ज्यांच्या आईबापांना मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरून विचारायचा धीर होत नाही. तक्रार करू शकणारे पीत नाहीत, आणि पिणारे तक्रार करू शकत नाहीत. टाकी वर्षानुवर्षे तशीच का राहते, याचे उत्तर आम्हांस यात दिसते. पैशाची टंचाई हे त्यामानाने दुय्यम कारण आहे.

मुलींचे आणखी निराळे. स्वच्छतागृह घाणेरडे असले की मुली पाणी पिणेच टाळतात. घरून निघताना पितात आणि घरी परतल्यावर पितात. त्या टाकीचे पाणी शुद्ध असो वा नसो, त्यांना त्याचा उपयोग नाही. केरळमधल्या शाळांनी २०१९ साली पाणी पिण्याची वेगळी घंटा सुरू केली. तिचे अनुकरण इतरत्रही झाले. घंटा चांगली आहे, पण हिशेब करा: सहाशे मुले, दहा तोट्या, दहा मिनिटांची सुट्टी, एका मुलाच्या वाट्याला दहा सेकंद येतात. त्यात मोठी मुले पुढे घुसतात.

कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीबरोबर सर्व मुलांसाठी सुरक्षित व पुरेसे पिण्याचे पाणी हे लिहून ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ऑक्टोबरात सर्व राज्यांना सहा महिन्यांत शाळाशाळांतून पाणी आणि स्वच्छतागृहे देण्यास सांगितले. याच कायद्याने विनाअनुदानित शाळा सोडून बाकी शाळांत व्यवस्थापन समिती नेमली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे विचारण्याचा अधिकार पालकांच्या हाती आहे. फक्त ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ कागदावर ‘नळ आहे’ एवढाच लावला जातो. नळ आहे का, या रकान्यात ‘होय’ लिहिले की काम संपते.

तपासणी अवघड आहे का? मुळीच नाही. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक जी ओटी चाचणी करतो, ती शाळेतला सातवीचा मुलगा करू शकेल: नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. जंतूंसाठी १९८२ साली आपल्याच देशातल्या संशोधकांनी काढलेली बाटली मिळते. पाणी भरून एक-दोन दिवस उबेत ठेवायची, काळी पडली तर पाणी दूषित. क्लोरीन नसेल तर हजार लिटरला सुमारे पाच ग्रॅम ताजी टीसीएल पावडर वेगळ्या बादलीत कालवून, निवळी टाकीत घालून, अर्धा तास थांबायचे. पावडर जुनी, ओलसर असेल तर तिचा उपयोग नाही. डबा उघडून वास घेतला की कळते. आम्हांस वाटते, विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग दर सोमवारी आणि गुरुवारी मुलांकडूनच करवून घ्यावा आणि निकाल नळाशेजारी फळ्यावर लिहावा.

आता मे महिना येतो आहे. शाळा बंद राहतील. टाक्यांत आणि नळांत उरलेले पाणी दीड महिना तसेच तापत राहील. जूनच्या मध्यात शाळा उघडतील तेव्हा पहिल्या दिवशी, पहिल्या सुट्टीत, मुले तेच पाणी पितील. तेव्हा शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी टाकी रिकामी करून घासावी, सगळ्या तोट्या मोकळ्या सोडून शिळे पाणी झाडांना घालावे, झाकण बसते का ते पाहावे, आणि मग पहिले पाणी भरावे. पाणी आपल्या वॉर्डात कोणत्या वारी येते ते शिपाईमामांना विचारून तो दिवस धरावा. दोन पालक गच्चीवर त्यांच्याबरोबर गेले तर अर्ध्या दिवसाचे काम आहे. गच्चीची किल्ली त्यांच्याकडेच असते.