बंद झालेल्या नगरांची आठवण



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर 'ऑनलाइन खेळ' हे शब्द वाचून इथल्या काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडली असेल. ते साहजिक आहे. पण ज्या आठवणींबद्दल मी बोलणार आहे, त्या तुमच्याच घरच्या, आज पस्तिशी-चाळिशीत आलेल्या मुलामुलींच्या आहेत. घरात त्या कधी कुणी सांगितल्या नाहीत. 'कॅफेत बसून पैसे उधळले' एवढ्या एका वाक्यात तो विषय घरोघरी मिटला. आज तो थोडा उकरून काढतो.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही एक पात्र घेता, त्याला नाव देता. कुणी योद्धा होतो, कुणी वैद्य, कुणी व्यापारी. त्याच वेळी दुसऱ्या गावांत, दुसऱ्या देशांत बसलेले हजारो लोकही आपापली पात्रं घेऊन त्याच नगरात फिरत असतात. आपल्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक चालतं ना, तसंच हे समजा. फरक इतकाच की इथे संहिता नाही, प्रेक्षक नाहीत, सगळेच नट. आणि तुम्ही संगणक बंद करून झोपलात तरी प्रयोग चालूच राहतो. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी असा पहिला खेळ रचला. त्यात चित्र नव्हतंच, सगळा कारभार अक्षरांचा. पुढे १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट', २००१ मध्ये 'रूनस्केप', २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आले. या शेवटच्या खेळाचे २०१० साली १ कोटी २० लाख वर्गणीदार होते.

आपल्याकडे ही लाट उशिरा आली आणि लवकर ओसरली. २००० नंतरच्या दशकाच्या मध्यावर लेव्हल अप नावाच्या कंपनीनं कोरियाचा 'रॅग्नारोक ऑनलाइन' भारतात आणला, सिफीनं 'ए-थ्री' आणला. दोन्ही काही वर्षांतच गुंडाळले गेले. घरी ब्रॉडबँड मोजक्यांकडे होतं, त्यामुळे खेळायचं ते सायबर कॅफेत. मी तेव्हा नागपूरला शिकायला होतो. बालाघाटहून गेलेली आम्ही तीन-चार पोरं सीताबर्डीच्या एका कॅफेत संध्याकाळी जाऊन बसायचो. तासाचे पैसे वर्गणी काढून द्यायचो. एक खेळणारा आणि मागे उभे राहून सल्ले देणारे तिघं, अशी आमची वाटणी होती.

'रॅग्नारोक'मध्ये एक गंमत होती. लढून थकलेल्या पात्राला दम खायला जमिनीवर बसावं लागे. उभं राहिलं तर शक्ती सावकाश भरायची, बसलं तर लवकर. त्यामुळे प्राँटेरा नावाच्या राजधानीच्या वेशीबाहेर सदानकदा पात्रांचे घोळके बसलेले असत. व्यापारी डोक्यावर पाटी लावून आपलं दुकान मांडून बसत. बाजूला पोरिंग नावाचे गुलाबी, जेलीच्या गोळ्यासारखे प्राणी उड्या मारत. बसल्या बसल्या माणसं बोलायची. कुठला? काय शिकतोस? उद्या पेपर आहे, मग इथे काय करतोस? एका अनोळखी वैद्यानं माझ्या मरायला टेकलेल्या पात्राला वाटेत बरं केलं आणि काही न मागता निघून गेला. तो कोण, कुठला, मला आजवर ठाऊक नाही.

खेळ तसा कंटाळवाणाच होता, हेही सांगून टाकतो. तोच प्राणी शंभर वेळा मारा, तीच वाट पुन्हा तुडवा. नंतरच्या खेळांनी हा कंटाळा शहाणपणानं काढून टाकला. बसायला नको, चालायला नको, सोबतीही यंत्रच शोधून देतं. कंटाळा गेला तशी ती बसून बोलणंही गेलं.

तुम्हांला हे सांगायला मला फार लांब जायला नको. गोंदियाहून बालाघाट आणि पुढे नैनपूर-जबलपूरकडे जाणारी आपली नॅरोगेज आठवा. अडीच फुटी रूळ, आणि गाडी इतकी निवांत की डब्यात लग्नं ठरत. २०१५ मध्ये नैनपूरकडची छोटी गाडीही थांबली आणि मोठे रूळ पडले. मोठ्या गाडीनं आपली किती सोय झाली! आजारी माणूस नागपूरला न्यायचा असेल तर छोटी गाडी परत आणा असं कुणी म्हणणार नाही. तरी दिवाळीत चार माणसं जमली की विषय त्या छोट्या गाडीचाच निघतो.

आता कुणी खरोखरच ती छोटी गाडी परत सुरू केली तर काय होईल? खेळांच्या जगात हा प्रयोग होऊन गेला आहे. 'रूनस्केप'च्या जुन्या खेळाडूंनी फार धरून ठेवलं, तेव्हा कंपनीनं मतदान घेतलं आणि २००७ सालची एक जपून ठेवलेली प्रत २०१३ मध्ये पुन्हा सुरू केली. ती आजही चालू आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चंही जुनं रूप ऑगस्ट २०१९ मध्ये परत आलं. पहिल्या दिवशी लोक आत शिरायला रांगा लावून उभे होते. पण ज्या अग्निराक्षसाला पाडायला पहिल्या वेळी खेळाडूंना महिनोन्‌महिने लागले होते, तो या खेपेला आठवड्याच्या आत पडला. राक्षस तोच होता. मधल्या पंधरा वर्षांत प्रत्येक वाट कुणीतरी लिहून ठेवली होती. जुनी गुहा परत आणता आली, पण तिच्यात पुढे काय आहे हे माहीत नसणं कुठून आणणार?

'सिटी ऑफ हीरोज' या खेळाची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. तो बंद होणार अशी घोषणा झाल्यावर खेळाडू आपापली पात्रं घेऊन, हातात मशाली घेऊन खेळातल्या चौकात जमले. ३० नोव्हेंबर २०१२ ला नगर विझलं. पण काही जणांनी ते गुपचूप आपल्या यंत्रांवर चालू ठेवलं. २०१९ मध्ये ती गोष्ट फुटली, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीनंच त्यांच्यातल्या एका गटाला रीतसर परवाना दिला. पगार नाही, नफा नाही, नुसती जागा राखायची.

आपल्या घराण्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण कुणी घर बदललं नाही. वैनगंगा तिथेच, वाडे तिथेच. पण कालपर्यंत राजधानी असलेलं नागपूर सीमेपलीकडे गेलं, आणि शाळा, कचेरी, बाजार यांची भाषा हळूहळू आपल्या अंगणाबाहेर सरकली. तेव्हापासून गणेशोत्सव, ग्रंथालय, ही व्याख्यानमाला आपण आपल्याच यंत्रावर चालवत आलो आहोत.

मला खरी हळहळ वाटते ती एका वेगळ्याच गोष्टीची. वेशीबाहेर बसून आम्ही जे बोललो ते रोमन अक्षरांत टंकलेलं मराठी होतं, हिंदी मिसळलेलं, शिव्या मिसळलेलं, वऱ्हाडी-पुणेरी भांडणांचं. कधी कुणी वडील गेल्याचं तिथेच पहिल्यांदा सांगितलं. सर्व्हर बंद झाला तशी ती सगळी बोली गेली. आजोबांच्या पेटीत मोडीतली पत्रं सापडतात, आमच्या त्या वर्षांचं एक चिठोरंही नाही.

अगदीच काही नाही असं नाही. गोंदियाच्या माझ्या मामेभावाकडे दोनशे पानी एक वही निघाली. तिच्यात हातानं काढलेले नकाशे आहेत, कुठली वस्तू किती झेनीला विकायची याची यादी आहे आणि शेवटच्या पानावर अठ्ठावीस नावं. सगळी पात्रांची. काहींपुढे गाव लिहिलंय: नाशिक, अकोला, वाराशिवनी. वाराशिवनीचा तो कोण, हे आम्ही दोघांनी तासभर डोकं खाजवूनही आठवलं नाही. तो कदाचित आज या सभागृहात असेल. असेल तर चहाच्या वेळी मला भेटावं. आणि तुमच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल तर रद्दीत घालण्याआधी ती आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात आणून द्या. मोडीच्या कागदांशेजारच्या कपाटात जागा आहे, मी विचारून ठेवलं आहे.