खिशातली नोट, तिजोरीतली नोट



मला कवितेवर बोलायला बोलावलंय. पण तीन आठवडे माझी मजुरी थकलीय, तेव्हा मी पैशावरच बोलणार.

देशात पैसा किती, याचा आकडा रिझर्व्ह बँक दर पंधरवड्याला काढते. कसा मोजते? गोदीत टॅली क्लार्क गोणी मोजतो तसा. जहाजात मोजलेली गोणी धक्क्यावर पुन्हा मोजली की हिशेब बोंबलला. म्हणून माझ्या खिशातली नोट धरतात, बँकेच्या तिजोरीतली धरत नाहीत. तिच्या बदल्यातली ठेव कुणाच्या तरी खात्यावर आधीच मोजलेली असते. लोकांकडली रोकड, मागाल तेव्हा मिळणाऱ्या ठेवी, रिझर्व्ह बँकेकडच्या किरकोळ इतर ठेवी : ही बेरीज एम-१. वर मुदत ठेवी घातल्या की एम-३.

आता गंमत बघा. बँक कारखानदाराला कर्ज देते तेव्हा नोटांची थैली देत नाही. त्याच्या खात्यावर आकडा मांडते. तो आकडा म्हंजे ठेव, म्हंजे पैसा वाढला! आणि आमचा वाणी? महिनाभर तांदूळ, तेल, चहापत्ती त्यानं मला वहीवर दिली. अख्खी चाळ त्या वहीवर जगते. ती वही कुठल्याच एम-मध्ये नाही.

माझी थकलेली मजुरी मात्र मोजली जाते बरं का! कंत्राटदाराच्या चालू खात्यात पडून आहे ना. त्यानं ती माझ्या हातावर टेकवली असती तरी एम-३ चा आकडा तोच राहिला असता. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, किमतीनं ८६ टक्के चलन. नोटा खात्यात गेल्या. बेरजेत या रकान्यातनं त्या रकान्यात. आय रांगेत उभी होती, ते कुठल्या रकान्यात?

बेरीज खोटी नाही. पण खिसा कुणाचा, हे ती विचारत नाही. बाबासाहेबांनी विचारलं. १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'त त्यांनी दाखवलं : रुपया घसरल्यावर व्यापाऱ्याला जो नफा दिसतो, तो भाव चढूनही मजुरी मागं राहिल्यानं निघतो. म्हंजे आमच्याच ताटातला. म्हणून सरकारनं मनाला येईल तेवढे रुपये काढू नयेत, असं त्यांचं म्हणणं.

शनिवारी आम्ही सातजण कंत्राटदाराकडं जातोय. हजेरीची वही बरोबर घेऊन. कविता त्यानंतर वाचीन.