खांदा, खूर आणि साखर

साखर कारखान्यात उसाची मोळी ज्या जागी टाकतात तिला गव्हाण म्हणतात. हंगामाचा नारळ तिथंच फुटतो. पण गव्हाण हा शब्द मूळचा गोठ्यातला. बैलापुढं वैरण टाकायची ती गव्हाण. लोखंडी यंत्राला नाव देतानाही आपल्या माणसांना बैलच आठवला!

ते साहजिकच होतं. गुऱ्हाळावर चरक बैलच फिरवायचे. दिवसभर गोल गोल चालायचं, तेव्हा कुठं काहील भरायची. पुढं तेलाचं इंजिन आलं. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, मागोमाग आणखी कारखाने उभे राहिले. बैल चरकापासून सुटला, पण उसाच्या गाडीला जुंपला गेला.

आपल्या गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातली माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. सोबत लेकरं, भांडीकुंडी. टायरगाडी पुष्कळदा कारखान्याची असते, बैलजोडी मात्र गाडीवानाची स्वतःची. बैलांना उसाचं वाढं घालायचं, आणि गाडी भरली की वजनकाट्यासमोर रांगेत उभं राहायचं.

या जोडीमागं आणखीही हात आहेत. मराठवाड्यात बैलांना पत्र्या मारण्याचं काम आम्हा मुसलमानांतल्या नालबंदांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. बैल अलगद पाडायचा, पाय बांधायचे आणि खिळा जिव्हारी लागू द्यायचा नाही. ही सारी विद्या हाताची. इकडं शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतो. झुली आणि गोंडे दुसऱ्या दिवशी, आधी हळद-तूप लावून खांदा मळायचा. कुणी खूर सांभाळला, कुणी खांदा.

कायद्यालाही हे कळतं. १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ओझ्याच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून जास्त आणि सलग पाच तासांहून जास्त राबवता येत नाही. पारा ३७ अंशांवर गेला, तर दुपारी बारा ते तीन जुंपता येत नाही. पण रांगेत जुवाखाली उभ्या असलेल्या जोडीचे तास कोण मोजतो? २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली आधाराचं चाक बसवून दाखवलं. खांद्यावरचा भार त्या चाकानं घ्यायचा. मला ती नव्या काळातली खांदेमळणी वाटली.

आता छोटे ट्रॅक्टर ऊस ओढू लागले आहेत. बैल सुटतो आहे याचं दुःख करू नये, त्यानं पुष्कळ ओढलं. काळजी गाडीवानाची आहे. जोडी त्याच्या मालकीची होती, दाव्याला बांधलेली पुंजी होती. ट्रॅक्टर दुसऱ्याचा असला, तर त्याच्या हाती नुसता कोयता उरेल.

तोवर एक तरी करता येईल. बैलगाडीचं वजन आधी व्हावं. रांगेत सावली आणि पाणी असावं. कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडण्याआधी बैलांच्या गव्हाणीत वैरण पडलेली असावी.